आईकडे पाठ केलेला माइक

भूपाल,

गेल्या सोमवारी दुपारी मी घरातला फ्रिज बंद केला. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि आतल्या खोलीत गादीखाली ठेवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता कुणाचं रेकॉर्डिंग करताय?" मी म्हटलं, "करायचं नाही, ऐकायचंय." ती शेजारी निघून गेली. तुला जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. मला एक फाइल ऐकायची होती आणि ती ऐकायचा धीर मला आठ वर्षं झाला नव्हता.

फ्रिज बंद झाला की खोलीत जी शांतता पडते, ती आपण दोघांनी किती घरांत ऐकली असेल. आता मला तिची भीती वाटते, कारण तिच्यात तू असतोस. श्वास घेताना तुझ्या डाव्या नाकपुडीत एक बारीक शीळ वाजायची. हेडफोन लावला की मला ती हमखास सापडायची आणि मी तुला चिडवायचो, की गाणाऱ्यापेक्षा तूच सुरात आहेस. तू गेल्यापासून ती शीळ मला घरात ऐकू येते. वर्गात मुलं खाली मान घालून पेपर लिहीत असतात, तेव्हा मागच्या बाकाकडून येते. मी विज्ञानाचा मास्तर, भूतबीत काही नसतं असं मुलांना दरवर्षी ठासून सांगणारा माणूस. आणि मी मान वळवून बघतो, गड्या.

आदल्या दिवशी सांगलीहून वहिनींचा फोन आला होता. तुझ्या जाण्यानंतर त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "भावजी, ह्यांचा आवाज द्या की जरा. फोटो लय हायती, आवाजच न्हाई घरात. तुमच्याकडं असंल." मी म्हटलं, "असणारच की, वहिनी. बघतो." फोन ठेवला आणि लक्षात आलं, की मी काय बोलून बसलोय. वीस वर्षं आपण रविवार आणि सुट्ट्या गाठून आवाज गोळा केले. हलगीवाले, गोंधळी, लग्नात गाणाऱ्या बायका, पलटणीतून रिटायर होऊन गावी आलेले सुभेदार. त्या सगळ्यांच्या समोर हातभर अंतरावर तू बसलेला होतास, आणि एकाही रेकॉर्डिंगमध्ये तू नाहीस. तुझा प्रश्न, तुझं "हं", तुझं खोकणं, सगळं तू घरी बसून निवडून काढायचास, तांदळातले खडे काढावेत तसं. फोनवर बोलून पाठवायचा तर तुला तिटकाराच होता. फोनचा माइक बोलायला असतो, ठेवायला नसतो, म्हणायचास.

ह्यावरनं आपण किती भांडलो. मी म्हणायचो, तू प्रश्नच कापून टाकलास तर ते उत्तर अधांतरी लटकतं रे, त्या माणसाला कोण काय विचारत होतं ते कळू दे की लोकांना. तू मिसळीतला पाव मोडत म्हणायचास, "मास्तर, धान्य मोजून दिल्यावर माप कुनी पिशवीत घालत न्हाई." मी म्हणायचो, तू माप नाहीस, माणूस आहेस. तू म्हणायचास, "रस्सा गार हुतोय." हे भांडण सातारच्या स्टँडवर झालं, खंडाळ्याला एका धाब्यावर झालं, तुझ्या घराच्या गच्चीवर तर दर दिवाळीला झालं. ते तसंच अर्धवट टाकून तू गेलास, आणि त्याचा निकाल लावायला वहिनींनी मला बसवलं.

आपली पहिली गाठही भांडणाचीच. माझ्या शाळेचं गॅदरिंग होतं. आमचा नेहमीचा साउंडवाला ऐनवेळी फिरकला नाही म्हणून कुणीतरी सांगलीहून तुला बोलावलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंचं स्वागतपर भाषण सुरू झालं आणि कर्ण्यातून अशी शिट्टी निघाली की पहिल्या रांगेतली पोरं कानावर हात ठेवून रडायला लागली. मी स्टेजवर चढलो आणि माइकमधला आवाज कर्ण्यात जातो, कर्ण्यातला परत माइकमध्ये येतो, असं सगळं शास्त्र तुला समजावून सांगितलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग माइक दोन पावलं मागं नेलास, वर चढून कर्ण्याचं तोंड वळवलंस, शिट्टी बंद. खाली उतरून म्हणालास, "मास्तर, तुमी म्हनता ते बराबर हाय. पर ते शिट्टी वाजायच्या आदी सांगायचं असतंय." मला राग आला होता. दुसऱ्या रविवारी मी पुस्तक काखेत मारून तुझ्या साउंडच्या दुकानात हजर झालो होतो, ही गोष्ट वेगळी.

मी पुस्तकातला आणि तू कर्ण्यावरचा. मला प्रत्येक माइकचा आलेख पाठ. तुला आलेख दाखवला की तू तो उलटा धरून बघायचास, मला डिवचायला. तुझं शास्त्र हातात होतं. माणूस आणि माइक यांच्यात एक वीत, आणि माणूस मोठ्यानं बोलणारा असेल तर दोन. कुणाच्याही घरात शिरलास की आधी टाळी वाजवायचास. टाळी भिंतीवरून परत आली तर घरातल्या वाकळा-गोधड्या मागून भिंतींना टांगायच्या, मगच माइकचे खोके उघडायचे. गाणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजत असतील तर तू त्या काढायला सांगायचा नाहीस. "त्या काढल्या की ती बाई कुनी तरी दुसरीच हुत्या," म्हणायचास, आणि तिला हात टेकवायला उशी द्यायचास.

त्या सुभेदारांची आठवण काढून तर आपण पुढं कित्येक वर्षं हसत होतो. साताऱ्याकडच्या त्या गावात मी माइक टेबलावर ठेवला. सुभेदार प्रत्येक वाक्याला टेबलावर मूठ आपटायचे, आणि हेडफोनमध्ये मला लढाई ऐकू यायची. मी घाबरत घाबरत सांगितलं, साहेब, जरा हळू. ते आणखी तापले. "हळू? आमी हळू बोललो असतो तर आज तू हितं बसला असतास व्हय रं?" तू उठलास, माइक टेबलावरून काढून वाकळीची घडी केलेल्या स्टुलावर ठेवलास आणि म्हणालास, "आवं, तुमी हाना टेबलावर. माईकला काय हुत न्हाई आता." सुभेदार इतके खूश झाले की तीन तास बोलले. माणसाला बदलायचं नाही, माइक हलवायचा, हे मी तिथं शिकलो. तुझ्याकडून जे शिकलो त्याचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. पण मला आज आभाराचं नाही, दुसरंच सांगायचंय.

तो गाण्याच्या कामाचा मोठा माइक तुला ठाऊकच आहे, पण हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. तो उभा बसवतात, पण टोकाकडून ऐकत नाही, कुशीकडून ऐकतो. त्यातही एकाच कुशीकडून. दुसऱ्या बाजूला त्याची पाठ असते. तिकडून कुणी जीव तोडून गायलं तरी ते शेजारच्या घरात कुणी गातंय असं येतं. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. कंपनीचं चिन्ह कोणी पुढं लावतं, कोणी मागं. म्हणून तुझा नियम होता, की हेडफोन लावायचा आणि जाळीवर नखानं खाजवून बघायचं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. कानात खर्रकन येईल ती ऐकणारी बाजू. त्याला एक क्षण लागतो. दर वेळी तू मला विचारायचास, "खाजवून बघितलंस?" मला त्याचा वैताग यायचा. पहिलीतल्या पोराला पाटी पुसलीस का म्हणून विचारावं तसं वाटायचं.

आठ वर्षांपूर्वीची ती दुपार. कृष्णाकाठचं तुझं गाव, तुझ्या आईचं घर. आक्कांना नात झाली होती. आक्का म्हणजे तुझी थोरली बहीण, कवठे महांकाळकडं दिलेली. आक्कांच्या जन्माच्या वेळी तुझ्या आईनं स्वतः रचलेला एक पाळणा होता, त्यात त्यांचं नाव गुंफलेलं. कमळा. तो पाळणा फक्त आईला येत होता आणि बारशात तो वाजावा अशी आक्कांची इच्छा होती. आई नव्वदीला टेकलेल्या, प्रवास होत नव्हता. तुमचं जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळं वेळ मोजका. आणि आईंनी आधीच बजावलेलं, "एकदाच म्हनीन. सारकं सारकं म्हनाया मी काय रेडिओ हाय?"

माइक माझा होता. नवा घेतलेला, मिरवायला आणलेला. मी स्टँडवर चढवला, कंपनीचं चिन्ह आईंकडं केलं, तुझी खुर्ची माइकच्या पलीकडं, त्यांच्या समोर ठेवली. तू वाकळा टांगत होतास. तिथूनच विचारलंस, "खाजवून बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

बघितलं नव्हतं, भूपाल. आई येऊन बसल्या होत्या, उशीर होत होता, हे सगळं खरं. पण त्यातलं काहीच कारण नव्हतं. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे काय विचारायचं, एवढ्या तोऱ्यात मी तो एक शब्द टाकला. तू हेडफोन लावायला घेतलास तर आई म्हणाल्या, "कानात बोळं घालून बसनार, मग म्या कुनाला म्हनून दावू?" तू हसून तो काढून खाली ठेवलास. तेवढ्यात शेजाऱ्यानं कडबाकुट्टी सुरू केली. मी ती बंद करायला पळालो, आणि त्यानं परत चालू करू नये म्हणून त्याच्याशी उसाबद्दल गप्पा मारत तिथंच उभा राहिलो. परत आलो तेव्हा गाणं संपलं होतं आणि आई जेवायला उठल्या होत्या.

तू साफ केलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत तुझ्याकडं, एक माझ्याकडं, ही आपली पद्धत; त्या दिवशी मात्र नव्या माइकच्या उत्साहात मी कच्चीच फाइल उतरवून घेतली होती. घरी येऊन मी माझी प्रत लावली. दोन मिनिटं ऐकली. आई कुठंतरी लांब, आणि अगदी जवळ तुझ्या नाकपुडीची शीळ. चिन्ह उलट्या बाजूला होतं. माइकनं आईकडं पाठ केली होती. सकाळी तुला सांगायचं मी ठरवलं. त्याआधी तुझाच फोन आला. "गड्या, आवाज बसलाय. लेव्हल माजीच चुकली. पुढल्या खेपंला आईला मनवू, परत घिऊ." आणि मी म्हटलं, "घेऊ."

महिन्याच्या आत आई गेल्या.

आई गेल्यानं बारसं पुढं ढकललं होतं, ते मग झालं. तू काय काय करून आईंचा आवाज वर ओढला होतास, पण स्पीकरमधून आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शब्द कळेना, नाव कळेना. पाळण्याभोवतीच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आक्का भरल्या मांडवात तुला म्हणाल्या, "साऱ्या जगाचं आवाज धरत हिंडलास आन् आईचा तेवढा सोडलास व्हय रं?" तू खाली बघत राहिलास. मी घुगऱ्यांची वाटी हातात धरून चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही. तेव्हापासून आक्कांनी तुला राखी बांधली नाही. कार्यात समोर आलात तर "जेवलास का" एवढंच. तू गेलास त्या दिवशी त्या आल्या, पायांशी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वहिनींचं रडणं मला सोसलं. ते कोरडे डोळे मात्र अजून समोरून हलत नाहीत.

वहिनींनी आवाज मागितला तेव्हा मला कळलं, की जगात तुझा आवाज एकाच ठिकाणी असणार. जिथं माइक चुकून तुझ्याकडं तोंड करून होता तिथं. माझ्या कपाटात, आठ वर्षं न उघडलेल्या फायलीत. म्हणून त्या सोमवारी फ्रिज बंद केला.

हेडफोन लावला. शीळ आली. मी डोळे मिटले, कारण तू इतका जवळ होतास की उघडे ठेवून तू दिसला नसतास तर मला सहन झालं नसतं. खुर्ची कुरकुरली. तू घसा खाकरलास. म्हणालास, "हं आई, म्हन. हाय मी हितंच." मला पुढचं ऐकू येईना. थांबवलं, मागं घेतलं, परत लावलं. हाय मी हितंच. परत लावलं. किती वेळा ते सांगत नाही.

मग लांबून आईंचा सूर सुरू झाला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि तुझी खुर्ची वाजली. तू उठलास. पावलं माइककडं आली. काहीतरी उचलल्याचा आवाज झाला, तो खाली ठेवलेला हेडफोन असणार. आणि माझ्या कानात एकदम खर्रकन आवाज आला, इतका मोठा की मी खुर्चीतून उठलोच. क्षणभर काही कळेना. मग त्याच्या मागोमाग तसाच, पण अगदी पुसट. मागच्या, म्हणजे आईंकडच्या बाजूचा.

तू खाजवून बघितलंस.

शीळ थांबली होती. तू श्वास रोखला होतास. स्टँडचा स्क्रू किंचित करकरला आणि तिथंच थांबला. एवढ्या लांबून आई गात होत्या. त्या डोळे मिटून गायच्या, मला ठाऊक आहे, आणि स्टँड हलला असता तर त्यांनी डोळे उघडले असते, गाणं तुटलं असतं. एकदाच म्हणणार होत्या. तू हात काढून घेतलास. पावलं परत गेली, खुर्ची वाजली. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पुढचं ऐकणं मला झेपलं नाही.

म्हणजे तुला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं, की मी "हो" म्हणालो ते खोटं होतं. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तू म्हणालास, लेव्हल माजीच चुकली. मांडवात खाली मान घातलीस ती माझ्यासाठी घातलीस. का रे? मला वाचवलंस, की मी कधी आपणहून बोलतो याची आठ वर्षं वाट बघत बसलास? दर दिवाळीला गच्चीवर शेजारी बसायचास, चिवडा पुढं सरकवायचास, तेव्हा ते तुझ्या मनात असायचं का? मला तुझा फार राग आला, भूपाल. मेलेल्या माणसावर इतकं रागवता येतं हे मला माहीत नव्हतं. एकदा शिवी दिली असतीस तर मी मोकळा झालो असतो. आणि मग ध्यानात आलं, की एकदा मी बोललो असतो तर तू मोकळा झाला असतास.

वहिनींना फोन केला. आवाज सापडला म्हणालो, आणि मग सगळंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला आवाज पायजे हाय. पर आदी आक्कांस्नी सांगून या. आठ वरसं ह्यांनी त्यांच्या दारात मान खाली घातलीया."

गुरुवारी रजा टाकून गेलो. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बेदाणा निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमी? वाट चुकलासा व्हय?" बसायला पोतं सरकवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, चहा नंतर. आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पुन्हा घुगऱ्यांच्या वाटीसारखं झालं असतं. माइक कुणाचा, तो कुणी लावला, तू काय विचारलंस, मी काय बोललो. त्यांचे हात आधी बेदाण्यात चालत होते. मग थांबले.

"मग त्यो का बोलला न्हाई?"

"माहीत नाही, आक्का. मला सांभाळून घेतलं असेल."

"आन् तू?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला तू म्हटलं. मी म्हटलं, "भ्यालो."

"म्या त्याला काय काय बोलले, ठावं हाय का तुला? राखी न्हाई, पानी न्हाई. मेला तवा सुदिक मनात म्हटलं, आईचा आवाज घालवून आलास न्हवं, जा आता." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लई मोटा मास्तर. पोरास्नी काय शिकवतोस रं?"

मी मान खाली घातली. मग पिशवीतून लॅपटॉप काढला आणि हेडफोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो पदरानं पुसला आणि कानांवर बसवला. मी फाइल सुरू केली.

"भूपालच हाय ह्यो!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की सून पिठाच्या हातानं बाहेर आली. हेडफोन लावलेली सगळीच माणसं ओरडतात, आपण त्यावर हसायचो. मी हसलो नाही. त्या डोळे मोठे करून समोर बघत होत्या, तिथं कुणी बसलंय असं. मग गाणं सुरू झालं असावं. पुढं एकदा त्या दचकल्या. तुझं नख. मी तोंड फिरवलं. आता राहिलेला भाग मीही ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी एक कान मोकळा केला आणि मला मान पुढं करायची खूण केली. "ऐक."

मी वाकलो. तू गात होतास, भूपाल. बेसूर, घोगरं, आईच्या कानावर जाऊ नये इतकं हळू. लांबून आईची एक ओळ यायची, कळेल न कळेल अशी, आणि तिच्या मागोमाग तू तीच ओळ माइकला सांगायचास. शब्द न् शब्द स्वच्छ. कमळाचं नाव प्रत्येक कडव्यात. माइक फक्त तुझंच ऐकतोय हे तुला कळलं होतं, म्हणून तू आईचं गाणं स्वतःच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोचवत होतास. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि घरी बसून बारशासाठी साफ करताना हेच तू पहिल्यांदा कापून टाकलंस.

"हे त्यानं का काडलं?" आक्कांनी विचारलं.

"स्वतःचा आवाज ठेवत नव्हता तो. लाज वाटायची त्याला."

"येडं," त्या म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. हेडफोन न काढता, मोठ्यानं, तो अख्खा सोपा भरून. सून पाठीवर हात फिरवायला गेली तर तिचा हात त्यांनी झिडकारला. मला म्हणाल्या, "परत लाव." मी लावलं. परत लाव. चहा आला, गार झाला. त्यांनी मला माफ केलं नाही, हे तुला सांगितलंच पाहिजे. तसं काही त्या बोलल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही, कारण ते द्यायचं तुझ्याकडं होतं.

निघताना फाइल सुनेच्या फोनमध्ये घालून द्यायला घेतली आणि माझ्यातला तो जुना किडा वळवळलाच. मी म्हटलं, "आक्का, आता नवीन सोयी आल्यात. भूपालचा आवाज जरा खाली घेऊन आईंचा वर काढता येईल. खुर्चीचं कुरकुरणं, खाकरणं काढून टाकतो. स्वच्छ करून देऊ का?"

आक्कांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"हात तर लावून बघ," त्या म्हणाल्या.

होती तशी दिली, भूपाल. वहिनींनाही तशीच दिली. आता तुला स्वतःला कापून टाकता यायचं नाही.